चिनी प्राणिवर्षाचं नाणं ओळखायचं तर प्राणी शेवटी बघा

"दादा, ड्रॅगनचं नाणं मिळालंय, कितीला जाईल?" असा निरोप आणि सोबत गादीच्या चादरीवर ठेवून काढलेला धूसर फोटो. महिन्यातून दोन-तीनदा तरी मला असं काही येतंच. पाठवणाऱ्याने तोवर फोनवर 'ड्रॅगन नाणे' शोधलेलं असतं, त्यातलं सगळ्यात महागडं चित्र आपल्या नाण्यासारखं दिसलेलं असतं आणि तो आकडा मनात पक्का बसलेला असतो.

चूक पहिल्याच पावलाला होते. चिनी पंचांगात दर वर्षाला एक प्राणी असतो. असे प्राणी बारा आहेत आणि त्यांची नाणी काढणारे देश डझनावारी. त्यात टाकसाळींची पदकं, देवळाबाहेरची टोकनं, फेंगशुईच्या दुकानातला माल आणि सरळसरळ बनावट मालही येतो. प्राण्यावरून सुरुवात केली की कुठेही जाऊन पोचता येतं. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी देश, मग नाणं की पदक, मग साल, मग धातू. प्राणी फक्त ताळा करायला.

टप्पा १ : हात लावण्याआधी

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, व्हर्निअर कॅलिपर, दहापट भिंग, लोहचुंबक, पाण्याचा ग्लास, शिवणाचा दोरा, वही.

नाणं घासू नका. चिंच नको, रांगोळी नको, भांड्यांची पावडर नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. चकचकीत केलेलं नाणं ओळखणं अवघड जातं आणि विकताना त्याची किंमतही पडते. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपून घ्या, पुसू नका. नाणं बंद प्लॅस्टिकच्या डबीत असेल तर ती उघडू नका. जे मोजायचं राहील ते राहू द्या.

फोटो तीन हवेत: दोन्ही बाजू आणि कड. खाली गडद, साधं कापड घ्या आणि दिवा वरून न धरता बाजूने, तिरपा धरा. उठावाची अक्षरं सावलीमुळेच वाचता येतात.

*तपासा :* फोटो समोरच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढलाय का? काही फोनमध्ये तो आरशासारखा उलटा साठतो. देवनागरी उलटी झाली तर आपल्याला लगेच कळतं. चिनी उलटी झाली तर कळत नाही आणि भाषांतराचं अ‍ॅप काहीबाही बरळतं. एकाने मला 'आनंदी डुकराचे पाणी' असं भाषांतर पाठवलं होतं. फोटो उलटा होता.

टप्पा २ : देश ठरवा

चिनी वाचता येत नसली तरी चालेल, अक्षरं मोजता आली पाहिजेत. दोन्ही बाजू बघा आणि नावाची ओळ शोधा.

चिनी लोकगणराज्याच्या नाण्यांवर दोन प्रकारच्या ओळी येतात. सोन्याचांदीच्या नाण्यांवर सहसा देशाचं पूर्ण नाव असतं, ते सात अक्षरी. चलनातल्या स्मारक नाण्यांवर पीपल्स बँक ऑफ चायनाचं नाव असतं, ते सहा अक्षरी. दोन्हींचं पहिलं अक्षर तेच: आडवी चौकट आणि तिच्या मधून वरून खाली आरपार गेलेली उभी रेघ. तिसरं अक्षरही तेच: माणूस दोन पाय फाकवून उभा असावा तसं, उलट्या 'व्ही'सारखं. पहिली चौकट, तिसरा माणूस आणि एकूण सहा किंवा सात अक्षरं, एवढं जुळलं की मुख्य भूमीचं चीन असं धरून पुढे जायला हरकत नाही.

चारच अक्षरं असतील, पहिली तीच चौकट असेल पण तिसऱ्या जागी तो माणूस नसेल, तर ते चीनचं प्रजासत्ताक, म्हणजे आजचं तैवान. त्यांचं साल निराळं चालतं. त्याकडे पुढे येतो.

सिंगापूर आपल्याला सगळ्यात सोपं, कारण तिथल्या नाण्यावर देशाचं नाव चार भाषांत असतं आणि त्यांतली एक तमिळ. दक्षिणेकडच्या रेल्वे स्टेशनच्या पाट्या पाहिलेल्या कुणालाही ती वळणदार अक्षरं ओळखू येतात. तमिळ दिसलं की शोध अर्धा संपला. सिंगापूरची ही मालिका १९८१ साली कोंबड्याच्या वर्षापासून सुरू झाली. योगायोग असा की चीनची सोन्याचांदीची प्राणिवर्ष मालिकाही त्याच वर्षी, त्याच कोंबड्यापासून सुरू होते. नुसत्या '१९८१, कोंबडा' यावरून निकाल देणारे इथे हमखास पडतात.

राणी एलिझाबेथचा मुखवटा असेल तर ते चीनचं नाही, पण एवढ्याने देश ठरत नाही. हाँगकाँगने १९७६ च्या ड्रॅगनपासून १९८७ पर्यंत हजार डॉलरची सोन्याची नाणी काढली. ती २२ कॅरेटची, सुमारे १५.९८ ग्रॅमची. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ टाकसाळीची सोन्याची मालिका १९९६ च्या उंदरापासून आणि चांदीची १९९९ च्या सशापासून आहे. कॅनडा आहे, ब्रिटन आहे, शिवाय तुवालू, निउए, कुक बेटं असे पॅसिफिकमधले छोटे देश आहेत. मुखवट्याभोवतीची रोमन अक्षरं शांतपणे वाचा, देश तिथेच लिहिलेला असतो. एवढी साधी गोष्ट लोक का करत नाहीत हे मला आजवर उमगलेलं नाही. राणी दिसली की 'ब्रिटिशकालीन' म्हणून मोकळे होतात.

मकाऊच्या नाण्यावर रोमन लिपीत मकाऊचं नाव असतं आणि चलन पटाका. रशियन वळणाची लिपी दिसली तर मंगोलिया, कझाकस्तान असल्या देशांच्या यादीत शोधा.

*सावध :* देशाचं नावच सापडत नसेल तर जबरदस्तीने काढू नका. बहुधा ते नाणं नाहीच.

टप्पा ३ : नाणं की पदक?

इथे प्रश्न एकच: दर्शनी किंमत आहे का? युआन, डॉलर, पटाका, काहीही. आकडा असेल आणि देशाचं नावही असेल तर नाणं. नसेल तर पदक किंवा टोकन.

युआनचं साधं चिनी अक्षर ओळखायला सोपं आहे. वर दोन आडव्या रेघा, खाली दोन पाय, त्यांतला उजवा पाय शेवटी वर वळलेला. चीनच्या चलनातल्या प्राणिवर्ष नाण्यांवर हे अक्षर आकड्याशेजारी असतं. ती नाणी दोन टप्प्यांत आली. २००३ ची बकरी ते २०१४ चा घोडा ही एक युआनची पितळी, २५ मिलिमीटरची. २०१५ च्या बकरीपासून दहा युआनची दोन रंगी धातूंची, २७ मिलिमीटरची. आपल्याकडे कुणी चीनला जाऊन आलं की बॅगेतून बहुतेक यांतलंच काहीतरी निघतं.

पदक म्हणजे खोटं, असा अर्थ काढू नका. शांघाय, शेनयांग आणि नानजिंग इथल्या टाकसाळींनी प्राणिवर्षांची पदकं काढलेली आहेत. पितळेची, तांब्याची, चांदीची, जाडजूड आणि उंच उठावाची. त्यांतली काही नाण्यांपेक्षाही देखणी असतात. पण त्यांना चलनाचा दर्जा नाही आणि नाण्यांच्या सूचीत ती सापडणार नाहीत. पदक हातात घेऊन नाण्यांच्या सूचीत आठवडाभर शोधत बसणं हा दुसऱ्या क्रमांकाचा वेळखाऊपणा.

चौकोनी भोक, भोवती बारा प्राणी आणि मागे अष्टकोनात मांडलेली रेघांची चिन्हं असं काही हातात असेल तर ते ताईतवजा नाणं. अशी नाणी चीनमध्ये शतकानुशतकं ओतली गेली आणि आजही ओतली जातात. ती चलन कधीच नव्हती. आपल्याकडे भेटवस्तूंच्या दुकानात लाल फितीत बांधून मिळणारी फेंगशुईची तीन नाणी मात्र जुन्या चलनाच्या नकला असतात आणि बहुतेकांवर प्राणी नसतोच.

*तपासा :* ड्रॅगन आहे म्हणजे प्राणिवर्षाचंच आहे असं नाही. चिंग राजवटीच्या शेवटच्या काळातल्या चांदीच्या डॉलरवरही ड्रॅगन आहे. त्यावर इंग्रजीत '७ मेस आणि २ कॅन्डरीन' असं वजन असतं आणि बाजारात त्याच्या नकला ढिगाने आहेत. शिंग असलेला, घोड्यासारखा दिसणारा प्राणी चीनच्या १९९४ पासूनच्या एकशिंगी मालिकेतला असू शकतो. पांडा तर बारा प्राण्यांत कुठेच नाही.

टप्पा ४ : साल वाचा

इथे थोडा वेळ काढा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

इंग्रजी आकड्यांत सन दिलेला असेल तर उत्तम. तैवानच्या नाण्यावर त्यांचं प्रजासत्ताक वर्ष असतं, त्यात १९११ मिळवायचे. म्हणजे ८९ हे २००० साल, ड्रॅगनचं. या आकड्याला कुणी '१९८९' समजलं की प्राणी जुळत नाही आणि मग खरं नाणं 'खोटं' ठरतं.

काही पदकांवर सन नसतोच. तिथे दोनच अक्षरं असतात, साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं नाव. आपल्याला हे नवं नाही. पंचांगात प्रभव, विभव अशी साठ संवत्सरं आहेतच. आपलं प्रभव १९८७ च्या पाडव्याला आलं, त्यांचं चक्र १९८४ ला सुरू झालं. आपल्याकडे साठ स्वतंत्र नावं आहेत. त्यांच्याकडे दहा अक्षरांची एक माळ आणि बारा अक्षरांची दुसरी, अशी जोडी लावून साठ होतात.

पहिलं अक्षर दहाच्या माळेतलं, म्हणून ते सनाच्या शेवटच्या अंकाशी कायमचं बांधलेलं असतं. ४ पासून सुरू करून क्रम असा : ४ जिआ, ५ यी, ६ बिंग, ७ डिंग, ८ वू, ९ जी, ० गंग, १ शिन, २ रेन, ३ ग्वे. दुसरं अक्षर त्या प्राण्याच्या वर्षाचं; प्राण्याचा रोजचा शब्द निराळा. भाषांतराचं अ‍ॅप हे उच्चार रोमन लिपीत दाखवतं, तेवढे पुरतात.

आता एक नमुना. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी एक पितळी पदक उचललं. पुढच्या बाजूला ड्रॅगन, शेजारी दोन अक्षरं, बाकी काही नाही. विकणारे काका म्हणाले, "शंभर वर्षांचं आहे, घ्या." अ‍ॅपने वाचलं, वू-चेन. वू म्हणजे शेवटचा अंक ८, चेन म्हणजे ड्रॅगन. शेवटी ८ आणि ड्रॅगन हे साठ वर्षांतून एकदाच जमतं : १९२८ किंवा १९८८. काकांचा दावा १९२८ च्या जवळ जाणारा होता, म्हणून मी मागची बाजू भिंगाखाली धरली. तिथे 'ड्रॅगन' हा शब्द छापील वळणात होता, अवघ्या पाच रेघांचा. जुना ड्रॅगन सोळा रेघांचा असतो, आपल्या 'क्ष्म्य'पेक्षाही गच्च. चीनने अक्षरं अधिकृतपणे सोपी केली ती १९५६ पासून. म्हणजे १९८८.

हे तर्कशास्त्र एकाच दिशेने चालतं, हे विसरू नका. छापील वळणातलं सोपं अक्षर असेल तर माल नवा. जुनं, गच्च अक्षर असेल तर काहीच सिद्ध होत नाही. तैवान, हाँगकाँग आजही तेच लिहितात आणि मुख्य भूमीवरचे कलाकारही शोभेसाठी जुनी वळणं मुद्दाम वापरतात.

अक्षरांच्या जुळ्या भावंडांकडे नीट बघा. अ‍ॅप इथेच घसरतं.

घोड्याच्या वर्षाचं अक्षर आणि 'बैल' हा शब्द जवळजवळ सारखे दिसतात. फरक एवढाच की बैलाच्या अक्षरात मधली उभी रेघ वरच्या आडव्या रेघेच्या बाहेर डोकावते, घोड्याच्या अक्षरात डोकावत नाही. बैलाला शिंग आहे, असं लक्षात ठेवा. चित्रात घोडा आणि अक्षरात 'बैल' दिसला की खोटं म्हणण्याआधी भिंग घ्या.

८ च्या सनाचं वू आणि कुत्र्याचं शू यांच्यातही एका बारीक आडव्या रेघेचा फरक. कुत्र्याच्या अक्षराच्या पोटात ती असते. २०१८ साली ही दोन्ही शेजारी-शेजारी येतात, कारण ते साल वू-शू. नवख्याला वाटतं एकच अक्षर दोनदा छापलंय. १९८९ च्या सापाचंही तसंच. पहिल्या अक्षराचं वरचं तोंड उघडं, दुसऱ्याचं बंद. झिजलेल्या पदकावर हे ओळखणं कठीण असतं, तेव्हा चित्रातल्या सापावर भरवसा ठेवा.

*तपासा :* उच्चारात 'वू' दोन आहेत, एक सनाचं आणि एक घोड्याचं. नुसता उच्चार वहीत लिहून ठेवाल तर पुढच्या महिन्यात स्वतःच गोंधळाल. अक्षराचा फोटो चिकटवा.

टप्पा ५ : आता प्राणी, ताळ्यासाठी

सन मिळाला की त्याला १२ ने भागा आणि बाकी बघा. ० माकड, १ कोंबडा, २ कुत्रा, ३ डुक्कर, ४ उंदीर, ५ बैल, ६ वाघ, ७ ससा, ८ ड्रॅगन, ९ साप, १० घोडा, ११ बकरी. १९८८ ला भागलं की बाकी ८, ड्रॅगन. जुळलं.

याहून झटपट कसोटी सम-विषमाची. उंदीर, वाघ, ड्रॅगन, घोडा, माकड, कुत्रा हे कायम सम सनात येतात. बैल, ससा, साप, बकरी, कोंबडा, डुक्कर विषम सनात. १९८७ चा ड्रॅगन दिसला तर एक तर ते प्राणिवर्षाचं नाही, किंवा सन चुकीचा वाचलाय, किंवा बनवणाऱ्याला हिशेब माहीत नव्हता.

सशाच्या जागी मांजर असेल तर घाबरू नका. व्हिएतनामच्या चक्रात मांजरच आहे. जपानकडे डुकराच्या जागी रानडुक्कर. बकरी की मेंढी यावर वाद घालण्यात अर्थ नाही, चिनीत दोघांना मिळून एकच शब्द चालतो.

टप्पा ६ : धातू

आधी वजन, मग व्यास आणि जाडी, दोन्ही वहीत. नंतर लोहचुंबक. नाणं चिकटलं तर ते चांदी-सोनं नाही, विषय संपला. चिकटलं नाही तर मात्र काहीच ठरत नाही, कारण पितळ आणि तांबंही चिकटत नाही. 'चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे चांदी' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देत नाही.

घनता काढणं घरी सहज जमतं. काट्यावर अर्धा भरलेला पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा.

समजा कोरडं वजन ३१.१० ग्रॅम आहे. पाण्यात काटा २.९७ दाखवतो. भागाकार १०.४७. शुद्ध चांदीची घनता १०.४९, म्हणजे चांदी असण्याची शक्यता भक्कम. तेवढ्याच वजनाला काटा ३.६६ दाखवेल तर भागाकार ८.५०, आणि ते पितळेवरचं मुलाम्याचं काम. शुद्ध सोनं १९.३ च्या आसपास येतं. पण टंगस्टनही जवळपास तिथेच येतं, त्यामुळे सोन्याचा निकाल घरी लावू नका. विश्वासातल्या सराफाकडे मशीनवर तपासून घ्या, आणि त्याला कानस किंवा कसोटीचा दगड लावू देऊ नका.

*सावध :* नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकडा बिघडवतात. बोटाने हलकेच झटका, मग वाचा. तीनदा मोजा. रंगीत चित्र छापलेल्या नाण्याला हा प्रयोग नको.

टप्पा ७ : सूचीत जुळवणी

आता शोधा, आधी नाही. नुमिस्टासारख्या ऑनलाइन सूचीत देश, दर्शनी किंमत, सन, वजन, व्यास हे पाचही एकत्र टाका. चित्र सर्वांत शेवटी ताडून बघा. एकाच वर्षी एकाच प्राण्याची चिनी नाणी गोल, पाकळ्यांच्या कडेची, पंख्याच्या आकाराची अशी निघालेली असतात आणि रंगीत, बिनरंगी असे प्रकारही निराळे. चित्र तेच, किंमत दसपट वेगळी, असं सर्रास होतं.

वजन दोन-तीन दशांश ग्रॅमने कमी भरलं तर लगेच बनावट ठरवू नका, पण झीज दिसत नसताना एखादा ग्रॅम कमी असेल तर शंका घ्याच.

टप्पा ८ : खरं की नक्कल

चांगलं नाणं साच्यांत दाबून ठोकलेलं असतं. अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि पार्श्वभूमी सपाट. ओतीव नकलेत अक्षरं साबणासारखी बोथट, सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खळगे, आणि कडेवर दोन अर्ध्या साच्यांचा सांधा. म्हणूनच कडेचा फोटो सुरुवातीला घ्यायला सांगितला.

चौकोनी भोकाच्या ताईतांना हा नियम लागू नाही, कारण ते मुळातच ओतीव. तिथे हिरव्या गंजाकडे बघा. नखाने सहज खरवडून येणारा, सगळीकडे सारख्या छटेचा हिरवा थर बहुतेक वेळा लावलेला रंग असतो.

प्रमाणपत्राच्या डबीवरही डोळे झाकून विश्वास नको. नाणी तपासून, प्रत ठरवून डबीत बंद करणाऱ्या प्रतवारी कंपन्यांच्या डब्यांच्याच नकला मिळतात. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथल्या फोटोतला ओरखडा आपल्या नाण्यावर आहे का बघा.

किमतीचा प्रश्न यानंतरचा. ऑनलाइन दुकानांत मागितलेला आकडा बघू नका, झालेल्या विक्रीचा बघा.

माझ्या पितळी पदकाच्या पाकिटावर शेवटी एवढंच लिहिलंय : 'चीन. पदक, नाणे नव्हे. वू-चेन, १९८८. पितळ, घनता ८.४८. टाकसाळ : चिन्ह नाही, रिकामं.' त्या रिकाम्या जागेत मी तीनदा 'शांघाय' लिहून तीनदा खोडलंय.